डोंगर नसलेल्या शहरात काढलेला डोंगर

भाड्याने गेलेलं यंत्र परत आलं की मी आधी त्याची पेटी उलटी करून झटकतो. कधी चिखल पडतो, कधी सिमेंट, कधी वाळू. ते झाडून टाकता येतं. पण पेटीबरोबर माणूसही येतो. तो स्टुलावर बसतो, कॉफी घेतो आणि बोलायला लागतो. ते काही झाडून टाकता येत नाही. इतक्या वर्षांत दुकानात यंत्रांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत, आणि यंत्रांना निदान गिऱ्हाईक तरी मिळतं!

माझं दुकान सिंगापुरात, बुकित बातोकच्या इंडस्ट्रियल भागात, गाड्यांच्या गॅरेजच्या वर. जमीन मोजायची यंत्रं विकायची आणि भाड्याने द्यायची, हा धंदा. शिक्षण म्हणाल तर सिन्नरच्या शाळेत दहावीला गणिताने हात दिला नाही. सिंगापूरला आलो तो बोटींना माल पुरवणाऱ्या एका दुकानात खोकी उचलायला. उचलता उचलता खोक्यांवर काय लिहिलंय ते वाचायला लागलो आणि वाचता वाचता विकायला. मंडळी मला शेठ म्हणतात. सुरुवात चेष्टेत झाली, पुढे तेच नाव पडलं.

गिऱ्हाइकांत माझी सगळ्यात जवळची टोळी तिघांची. जुरोंग ईस्टला एका उंच बिल्डिंगमध्ये त्यांचं नकाशांचं ऑफिस. केळकर साहेब मुख्य, पुण्याचे, हातभर चूक निघाली तर जेवण टाकणारे. वृषाली, तीही पुण्याची, विमानातून काढलेल्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर डोंगर उभा करणारी. आणि नितीन सोनवणे, माझ्या नाशिककडचा, प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजणारा. या तिघांना एका वाळवंटातल्या डोंगररांगेचा नकाशा काढायचं काम मिळालं. खाणीसाठी तिथून रस्ता जायचा होता. देशाचं नाव सांगत नाही, धंद्यात काही नावं गिळायची असतात.

त्या कामाचे हे किस्से. हसण्यासारखे आधी सांगतो, कारण ते आधीच घडले.

* * *

नितीन यंत्रं न्यायला आला तेव्हा माझी मुलगी काउंटरवर होती. इथेच शिकलेली, इंग्रजीही इथल्याच वळणाचं. तिने त्याला सरळ विचारलं, “सॅटेलाइट कॅन सी एव्हरीथिंग लाह, व्हाय मस्ट गो?”

केळकर साहेब मागे उभे होते. ते म्हणाले, “वरून सगळं दिसतं गं. पण ते खरंच तिथे आहे हे सांगायला एक माणूस तिथे उभा राहावा लागतो.”

तर या मोजणीची रीत अशी. डोंगरात ठरलेल्या जागी कापडाचा मोठा पांढरा क्रॉस अंथरायचा, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. क्रॉसच्या मधोमध यंत्र लावून ती जागा काटेकोर मोजायची. मग विमान वरून फोटो काढत जातं. फोटोत क्रॉस दिसला की फोटो जमिनीवर नेमका बसवता येतो. शिंपी कापडावर खडूची फुली मारतो ना, तसंच.

शिंप्यावरून आठवलं. हे क्रॉस नितीनने लिटिल इंडियातल्या एका शिंप्याकडून शिवून घेतले. शिंपी तमिळ, वयस्कर. एवढं पांढरं कापड आणि असला आकार बघून त्याने विचारलं, हे घालणार कोण?

नितीन म्हणाला, डोंगर.

शिंप्याने माप लिहून घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, “मग ट्रायलला कधी आणताय?”

* * *

सिंगापूरची एक अडचण म्हणजे इथे डोंगरच नाही. जी सगळ्यात उंच टेकडी आहे ती लोक रविवारी नाश्त्याआधी चढून येतात. केळकर साहेबांना तर सामान पाठीवर घेऊन चढायची सवय करून घ्यायची होती. नितीनला, आणि पुढेमागे जावं लागलं तर स्वतःलाही. शेवटी त्यांनी नितीन राहायचा त्या बहुमजली ब्लॉकचा जिना धरला. खांद्यावर ट्रायपॉड, पाठीवर पाण्याचे कॅन, आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत वर-खाली.

मधल्या एका मजल्यावर एक चिनी आजोबा कॉरिडॉरमधल्या कुंड्यांना पाणी घालत होते. हे दोघे वर गेले, आजोबांनी बघितलं. खाली आले, बघितलं. पुन्हा वर निघाले तेव्हा त्यांना राहवलं नाही. म्हणाले, “लिफ्ट नॉट स्पॉइल्ट, यू नो.”

केळकर साहेब पडले समजावून सांगणारे. त्यांनी धापा टाकत वाळवंट, डोंगर, नकाशा, सगळं सविस्तर सांगितलं. आजोबांनी झारी खाली ठेवून ते शांतपणे ऐकलं. मग लहान मुलाला सांगावं तसं हळूहळू म्हणाले, “बट लिफ्ट नॉट स्पॉइल्ट.”

नितीन जिन्यातच बसला. हसू आवरेना म्हणून ट्रायपॉड खांद्यावरून उतरवून ठेवला. त्या दिवसाचं ट्रेनिंग तिथेच आटोपलं.

* * *

नकाशात नावं लागतात. नुसत्या उंचीच्या रेषांना नकाशा म्हणत नाहीत. तिथल्या डोंगरांची नावं कुठल्याच कागदावर नव्हती, ती इद्रिसच्या तोंडी होती. इद्रिस हा नितीनचा ड्रायव्हर आणि वाटाड्या. त्याच रांगेत लहानाचा मोठा झालेला, मध्ये काही वर्षं आखातात राबून आलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. नितीन एकेका जागेचं नाव विचारायचा आणि जुरोंग ईस्टला कळवायचा. वृषाली ते अर्थासकट भरायची.

पहिली नावं आली. तहानेची घळ. दोन भावांचा कडा. म्हातारीने उंट सोडला ती जागा. नवरा परतला नाही ती खिंड.

ज्यांनी काम दिलं होतं त्यांच्याकडून मेल आला, की नावं फार उदास आहेत, गुंतवणूकदारांना दाखवायचा नकाशा आहे, काही बरी नावं सुचवा. केळकर साहेबांनी उलट कळवलं, की आम्ही मोजायला आलो आहोत, बारशाला नाही. हे त्यांनी इंग्रजीत कसं लिहिलं ते मला अजून माहीत नाही.

वृषालीला मात्र ती नावं लागली. तिने फोनवर नितीनला सांगितलं, की त्या माणसाला विचार तरी, सगळीच नावं मेलेल्यांची का?

नितीनने विचारलं. इद्रिसने गाडीचा वेगही कमी केला नाही.

“जगले ते पुढे निघून गेले. त्यांचं नाव इथे कशाला ठेवायचं?”

* * *

नितीनचा फोन दुकानावर आला, कॅम्पवरच्या सॅटेलाइट फोनवरून, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. तक्रार अशी की दुपारी यंत्र तापून बंद पडतं. बनवणाऱ्या कंपनीला विचारलं तर त्यांनी सांगितलं, एअर कंडिशन्ड जागेत वापरा.

त्याने स्वतःच तोड काढली होती. टॉवेल ओला करायचा आणि यंत्राला गुंडाळायचा. यंत्र चालायला लागलं. इद्रिसचं डोकं मात्र फिरलं. तो म्हणाला, माणसाला पाणी पाजतात, उंटाला पाजतात, गाडीलाही पाजतात, डब्याला पाणी पाजणारा तू पहिला. टॉवेल वाळायच्या आत तो काढून पिळायचा आणि जे चार थेंब निघतील ते गाडीच्या रेडिएटरसाठी बाटलीत धरायचा. नितीनला याची मोठी गंमत वाटायची.

मला नाही वाटली. मी म्हटलं, “नितीन, यंत्र माझं आहे, पाणी तुझं आहे. मेलं तर दुसरं पाठवीन. तू पाणी पीत जा.”

तो हसला. म्हणाला, “शेठ, यंत्र बंद पडलं तर दिवस फुकट जातो. मग केळकर साहेब मला गुंडाळतील टॉवेलात.”

त्याच्याशी माझं बोलणं झालं ते हेच शेवटचं.

* * *

आता पुढचे.

तिथे कामाची पद्धत अशी होती, की सकाळी गाडी माणसाला एका जागी सोडायची आणि उन्हं कलल्यावर उचलायची. मधले तास यंत्र लावून बसून राहायचं. त्या दिवशी इद्रिसने नितीनला डोंगराच्या एका सोंडेवर सोडलं आणि तो दुसऱ्या कामाला गेला. दुपारी धुळीचं वादळ उठलं. इद्रिस परत आला तेव्हा सोंडेवर ट्रायपॉड आडवा पडला होता, यंत्र पेटीत नीट बंद करून ठेवलं होतं, आणि नितीन नव्हता. पाठपिशवीही नव्हती. वादळात आडोसा बघायला तो खाली उतरला असणार आणि धूळ बसल्यावर भलत्याच घळीतून वर चढला असणार. तिथली प्रत्येक घळ दुसरीसारखीच.

कॅम्पच्या मॅनेजरने ठरवलं, की सापडेलच, सापडला की मग सिंगापूरला कळवू. हा माणूस वाईट नव्हता. लोकांना उगाच घोर लावू नये असं त्याला वाटलं. पण त्या चांगुलपणात काही दिवस गेले आणि तेवढे दिवस इकडे जुरोंग ईस्टला सगळे नेहमीसारखे काम करत राहिले.

बातमी आली तेव्हा केळकर साहेब फोन न करता नितीनच्या घरी गेले. बुकित बातोकला, त्याच जिन्याच्या ब्लॉकमध्ये. नितीनची बायको मंजिरी एका चाइल्डकेअरमध्ये शिकवते, तिची ड्यूटी संपायची होती. साहेब दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. ती लिफ्टमधून बाहेर आली, त्यांना बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. मला हे साहेबांनीच सांगितलं. काय बोलले ते सांगितलं नाही.

मग इथल्या मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन यायला लागल्या. फ्रिज भरला, ओट्यावर डबे राहिले. आमच्यातले सावंत काका रत्नागिरीचे, जहाजावर चीफ इंजिनीअर. बोट बंदरात लागली होती म्हणून तेही आले. धीर द्यावा म्हणून ते सांगत होते, की समुद्रात माणूस पडला तर जहाज ठरावीक पद्धतीने वळवतात, पुरं वळून ते बरोबर त्याच पाण्यात परत येतं, शंभर जण बघत असतात, सापडतो माणूस.

मंजिरी ऐकत होती. तिने विचारलं, “आणि डोंगरात कोण वळतं, काका?”

सावंत काका उठले आणि सगळ्यांचे कप विसळायला घेऊन गेले.

* * *

केळकर साहेब आणि वृषाली जेवत नव्हते, म्हणून मी दोघांना ऑफिसजवळच्या खाण्याच्या गाळ्यांत, हॉकर सेंटरमध्ये, धरून नेलं. तिकडे वाळवंटात शोध चालू होता, गाड्या फिरत होत्या, पण डोंगररांग केवढी आणि गाड्या किती. ताटं समोर तशीच होती. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून वृषालीला विचारलं, की विमानाचे फोटो आले का.

ती म्हणाली, आले. फोटो नितीन हरवला त्याच आठवड्यात, ठरल्याप्रमाणे आले होते. तिने साफही केले होते. साफ करणं म्हणजे फोटोत डोंगर सोडून जे जे दिसेल ते पुसायचं. उंट, गाडी, तंबू. नकाशाला फक्त जमीन हवी असते.

बोलता बोलता तिचा चमचा थांबला.

“साहेब,” ती म्हणाली, “तो चुकीचा क्रॉस.”

साहेबांच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. मला आधी समजलं नाही, मग तुकड्यातुकड्याने समजलं. एका फोटोत, एका घळीत, तिला पांढरा क्रॉस दिसला होता. तिथे क्रॉस टाकायचं कधीच ठरलं नव्हतं. तिने साहेबांना दाखवला होता. तेव्हा तो हरवल्याचं इकडे कुणालाच माहीत नव्हतं. साहेब चिडले होते. नितीनला ऊन लागलंय का, म्हणाले, भलत्याच जागी क्रॉस टाकलाय. पुसून टाक. आणि वृषालीने त्यावर आजूबाजूच्या खडकाचा रंग भरून तो पुसला होता.

नितीनच्या पाठपिशवीत एक जादा क्रॉस असायचा. विमान कोणत्या दिवशी वरून जाणार हे त्याला माहीत होतं. वैमानिकाला एवढ्या उंचीवरून माणूस दिसणार नाही हेही माहीत होतं. पण कॅमेऱ्याला क्रॉस दिसतो. आणि ते फोटो जुरोंग ईस्टला कोणाच्या डोळ्यांखालून जातात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. त्याने वाटेवरच्या कुणा परक्याला हाक मारली नव्हती. आपल्या माणसांना मारली होती.

साहेब उठले. एवढंच म्हणाले, “जागा काढ.”

ताटं तशीच टाकून आम्ही निघालो. सिग्नल लाल होता, तरी केळकर साहेब रस्ता ओलांडून गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं करताना बघितलं नव्हतं. वृषालीने मूळ फोटो उघडला. क्रॉस होता. जागा तिने नेहमीसारखीच काढली, दोनदा तपासून. साहेबांनी ती कॅम्पला फोनवर वाचून दाखवली आणि समोरच्याकडून पुन्हा वाचून घेतली.

इद्रिस गेला. घळीत गाडी जात नाही, शेवटचा भाग तो चालत गेला. नितीन क्रॉसच्या शेजारीच होता. कापड उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवलेले होते.

इद्रिसने कॅम्पमध्ये परत येऊन फोन हातात घेतला आणि केळकर साहेबांना हिंदीत सांगितलं, “साहब, आपने जो जगह बताई थी, उसमें एक कदम का भी फर्क नहीं था।”

साहेबांनी थँक यू म्हटलं. सवयीने.

* * *

फोटो काढला त्या दिवशी नितीन अजून जिवंत होता का, हा प्रश्न साहेब आणि वृषाली यांच्यात कधी निघाला नाही. दोघे एकाच खोलीत, समोरासमोर बसून नकाशा पुरा करत राहिले. मी अधूनमधून जायचो. पूर्वी हातभर चुकीवरून भांडणारी माणसं, आता एकमेकांना आधी प्लीज म्हणायची.

वृषालीने एक गोष्ट केली. पुसलेला क्रॉस तिने फोटोत परत आणून ठेवला.

नकाशा तपासायला गेला तसा तो भाग शेरा मारून परत आला. की अमुक घळीत एक पांढरी खूण दिसते, ती ठरलेल्या खुणांपैकी नाही, कृपया साफ करावी.

केळकर साहेबांनी उत्तर लिहिलं, की खूण बरोबर आहे. ती आमच्या सर्व्हेअरने टाकली आहे.

पुन्हा मेल आला, की मग ती कशाची खूण म्हणून दाखवायची?

वृषाली साहेबांच्या खुर्चीमागे उभी होती. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी दोनच शब्द लिहिले. “मोजलेली जागा.”



* * *

मंजिरीचं सांगायचं राहिलं.

नितीनला आणलं ते बंद पेटीतून. ती उघडू नका असं सगळ्यांनीच सांगितलं, आणि तिने ऐकलं. पण तेव्हापासून तिच्या मनात एकच प्रश्न बसला. फार त्रास झाला का त्याला? तिने हे डॉक्टरला विचारलं, कॅम्पच्या मॅनेजरला फोनवर विचारलं, केळकर साहेबांना विचारलं, मलाही विचारलं. आम्ही सगळ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, की नसेल झाला. तिला ते पटायचं नाही. सांगणारे सगळे आपल्याला जपून बोलतात, हे तिला कळत होतं.

तिने फ्लॅट सोडायचं ठरवलं. नाशिकला आईकडे जाणार होती. जायच्या आधी तिने साहेबांकडे फक्त नकाशाचा तो भाग मागितला. मोठ्या कागदावर छापलेला.

तो छापून साहेब आणि वृषाली माझ्या दुकानात आले. माझ्याकडे लांब पुठ्ठ्याच्या नळ्या असतात, नकाशा न दुमडता विमानातून नेता येतो. मंजिरी तिथेच येऊन नेणार होती. मी काउंटरवरची यंत्रं बाजूला केली आणि नकाशा पसरला.

सुरेख झाला होता, खोटं कशाला बोलू. डोंगर कागदातून वर आल्यासारखे, हात फिरवला तर खरचटेल असे. एक बाजू उजळ, एक बाजू गडद. इतकी वर्षं यंत्रं विकली, पण ही सावली कशी काढतात ते कधी विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं.

साहेब म्हणाले, उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असं धरून काढतात.

नकाशात वर उत्तर असते, एवढं मला कळतं. म्हणजे उजेड वायव्येकडून. मी म्हटलं, पण साहेब, दुपारचा सूर्य तिकडे कसा असेल?

नसतोच, ते म्हणाले. पण उजेड कागदाच्या खालच्या बाजूने दाखवला तर डोळा फसतो, डोंगराचा खड्डा दिसायला लागतो. म्हणून सगळ्या जगात असंच काढतात.

मी दक्षिणेकडे तोंड असलेल्या एका गडद घळीवर बोट ठेवलं. “म्हणजे इथे जे काळं दिसतंय...”

“तिथे दिवसभर ऊन,” साहेब म्हणाले. आणि माझं बोट त्या पांढऱ्या खुणेजवळ आहे हे त्यांना दिसलं. मी बोट उचललं.

मंजिरी आली. बरोबर सामान नव्हतं, हातात फक्त छत्री होती. बसा म्हटलं तर बसली नाही. तिने नकाशा बघितला, सगळीकडून, लांबून, मग वाकून. कुठे ते विचारलं. वृषालीने दाखवलं. गडद घळीत ती छोटी पांढरी खूण होती.

मंजिरी त्या खुणेकडे बघत राहिली. खाली गॅरेजमध्ये कुणीतरी गाडीचं इंजिन चालू करून बघत होतं, ते बंद झालं. मग तिने डोकं वर न उचलता साहेबांना विचारलं, “ही सावली आहे ना, साहेब? ही सगळी?”

केळकर साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. नकाशावर वाकून त्या जागेकडे नीट बघितलं.

“हो,” ते म्हणाले. “दिवसभर असते तिथे.”

मंजिरीने हळूच मान हलवली, आणि खुर्ची ओढून बसली.

वृषालीने नकाशा गुंडाळायला घेतला.